विमानाचा ‘पक्का’ भाव आणि बाईचं वाढलेलं वर्ष

लढाऊ विमानांच्या खरेदीचा विषय निघाला की ‘हे तज्ज्ञांचं काम, यात बायकांचा काय संबंध?’ असं आपल्याला ऐकवलं जातं. आपल्यातल्याही अनेकजणी ते मान्य करून गप्प बसतात. रेशन, पाणी, हुंडा, दारू हे आपले प्रश्न आणि विमानं मात्र त्यांची, अशी वाटणी आपण नकळत स्वीकारली आहे. ही वाटणी किती महागात पडते ते पाहायचं असेल तर स्वित्झर्लंडमध्ये ३६ विमानांच्या खरेदीवरून जे घडलं ते समजून घ्यायला हवं.

या देशात मोठ्या प्रश्नांवर सार्वमत घेतात. लोकशाहीचा आदर्श म्हणून त्याचं कौतुक होतं. पण राष्ट्रीय पातळीवर बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९७१ साली, म्हणजे आपण भारतीय बायका पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देऊन आलो त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी! तोवर ‘लोकमत’ म्हणजे पुरुषमतच होतं.

२०१४ मध्ये तिथल्या सरकारला स्वीडनची २२ ग्रिपेन विमानं घ्यायची होती. जुनी विमानं तीस वर्षांची झाली, हे पटवताना संरक्षणमंत्री उएली माउरर यांनी सभेत विनोद केला. घरात तीस वर्षं जुन्या वापराच्या वस्तू आता फारशा उरत नाहीत, उरते ती घरकाम करणारी बायको, अशा अर्थाचा. बाई ही जुनी झालेली वस्तू, आणि नव्या वस्तूसाठी ३.१ अब्ज फ्रँक द्या! मे २०१४ च्या सार्वमतात ५३.४ टक्के मतदारांनी ही खरेदी नाकारली.

सरकार पुन्हा आलं. २७ सप्टेंबर २०२० च्या सार्वमतात ६ अब्ज फ्रँक खर्चाला ५०.१ टक्के मतं मिळाली. देशभरात फरक नऊ हजार मतांहूनही कमी. कोणतं विमान घेणार हे त्या वेळी मतदारांना सांगितलंच नव्हतं. अमेरिकेचं एफ-३५ घ्यायचं हे ठरलं २०२१ मध्ये, मतं पडून गेल्यावर. ‘किंमत पक्की आहे, वाढणार नाही’ हे मात्र सरकार वारंवार सांगत राहिलं.

हा ‘पक्का’ भाव कसा होता? विमान बनवते लॉकहीड मार्टिन कंपनी, पण परदेशाला ते विकतं अमेरिकेचं सरकार. ते सरकार कंपनीला जो भाव देईल तोच गिऱ्हाईक देशाने द्यायचा, अशी ही पद्धत. करारातले आकडे अंदाजाचे असतात. प्रत्यक्षात खर्च वाढला तर तो गिऱ्हाइकाच्या माथी. सोनाराने घडणावळ ठरवून दिली, पण सोन्याचा भाव डाग घेऊन जाल त्या दिवशीचा, असं म्हटल्यासारखंच. आपल्यातली कोणतीही बाई यावर दागिन्याची ‘पक्की किंमत’ कागदावर मांडणार नाही. स्वित्झर्लंडच्या सरकारी लेखापरीक्षकांनीही जुलै २०२२ मध्ये इशारा दिला होता की किंमत पक्की असल्याची कायदेशीर खात्री नाही. सरकारने तो फेटाळला.

खरेदीविरोधात एक लाखाहून अधिक सह्या गोळा करून कार्यकर्त्यांनी नव्या सार्वमताची मागणी ऑगस्ट २०२२ मध्ये दाखल केली. सरकार थांबलं नाही. १९ सप्टेंबर २०२२ रोजी करारावर सही झाली. सह्या करणारे लोक पाहतच राहिले.

आणि त्यानंतर सहाच दिवसांनी, २५ सप्टेंबरला, त्याच देशात आणखी एक सार्वमत झालं. बायकांचं निवृत्तीचं वय ६४ वरून ६५ करायचं की नाही? पेन्शनच्या तिजोरीत पुढे पैसा पुरणार नाही, म्हणून बायकांनी आणखी एक वर्ष काम करावं. ५०.५ टक्के मतांनी ते मंजूर झालं. मतदानानंतरच्या पाहण्यांनुसार बहुसंख्य पुरुष बाजूने होते, बहुसंख्य बायका विरोधात. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्यात, अर्धवेळ नोकरीत आयुष्य गेल्यामुळे तिथल्या बायकांचं एकूण पेन्शन पुरुषांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी आहे. त्यांच्याकडूनच वर्ष मागितलं गेलं.

कोणी म्हणेल, पेन्शनची तिजोरी वेगळी, लष्कराची वेगळी. हिशेबाच्या वहीत ते खरं आहे. पण काटकसर कोणाला सांगायची आणि कोणाला मोकळीक द्यायची हे ठरवणारं सरकार एकच असतं. बाईचं वर्ष महिन्यांपर्यंत मोजलं गेलं आणि २०२५ पासून टप्प्याटप्प्याने वसूलही होऊ लागलं. विमानाच्या किमतीत मात्र अब्जाचा घोळ झाला. जून २०२५ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं की महागाई आणि कच्च्या मालाच्या दरवाढीमुळे ६५ कोटी ते १.३ अब्ज फ्रँक जादा लागू शकतात. ‘पक्की किंमत’ हा तुमचा गैरसमज, असं अमेरिकेचं म्हणणं. ऑगस्टमध्ये सरकारने कबूल केलं की तो भाव आपण अमेरिकेकडून पाळून घेऊ शकत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ३६ चा आकडाही सोडावा लागला.

हा व्यवहार पुढे नेणाऱ्या संरक्षणमंत्री व्हिओला आमहर्ड या स्त्री होत्या, त्या पदावरच्या पहिल्याच. खुर्चीवर बाई बसली म्हणून खुर्चीचे हिशेब बदलत नाहीत, हेही आपण लक्षात ठेवू या.

आपल्याकडे तर सार्वमत दूरच, किंमतही कळत नाही. २०१६ मध्ये सुमारे ५९ हजार कोटींना ३६ राफेल घेतली. एका विमानाचा सगळा हिशेब संसदेत मागितला तेव्हा गोपनीयतेचा करार पुढे केला गेला. २०१९ चा महालेखापालांचा अहवाल किमतीचे आकडे झाकूनच आला. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी आणखी २६ विमानांचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा. आणि अंगणवाडी सेविका? २०१८ मध्ये केंद्राने त्यांचं मानधन ३,००० वरून ४,५०० केलं, त्याची केवढी जाहिरात झाली! डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर बसल्या. त्यांच्या मागण्यांत पेन्शनही होतं. त्यांना उत्तर मिळतं तिजोरीचं.

देशाला संरक्षण नको असं कोणी म्हणत नाही. युक्रेनवर बॉम्ब पडताना पाहून स्विस बायकांनाही भीती वाटलीच असेल. पण भीती खरी असली म्हणून बिल न बघता सही करायची का? घरात दूधवाल्याचा हिशेब चुकला तर जाब आपल्याला द्यावा लागतो. मग जिथे अब्जांचा हिशेब चुकतो तिथे जाब मागण्याचा पहिला हक्क कोणाचा?

पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी प्रत्येक गटाने आपल्या बैठकीत दोन रकाने मांडावेत. एकात संरक्षण खरेदी, दुसऱ्यात अंगणवाडी, आरोग्य, विधवा पेन्शन. मग आपल्या खासदाराला विचारावं: भाव कोणता, तो वाढला तर भरणार कोण, आणि हे संसदेत उघड का सांगत नाही? यासाठी विमानातलं काही कळावं लागत नाही. हिशेब कळावा लागतो, आणि तो आपण रोजच करतो.