अॅव्हरेज कोण खातो, एसी की पाय?



बुद्धपौर्णिमेला आमच्या ओळखीचे एक कुटुंब कल्याणहून नाशिकच्या त्रिरश्मी लेणीला जाऊन आले. गाडी मुलाचीच, भाड्याने चालणारी, कर्जाने घेतलेली. ऐन वैशाखातले ऊन, मागे सत्तरीची आजी. तिने एसी लावायला सांगितले, तर मुलगा म्हणाला, "आजी, अॅव्हरेज पडतं गं. हप्ता कोण भरणार?" परतताना कसारा घाटात पेट्रोल वाचवण्यासाठी त्याने गाडी चक्क न्यूट्रलमध्ये सोडली. आजी पुढे दोन दिवस अंथरुणावर होती.

मुलाची चिंता खोटी नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ताकदीवर फिरतो, म्हणजे गारव्याला पेट्रोल लागतेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे कडक उन्हात, विशेषतः जवळच्या फेऱ्यांत, एसीमुळे अॅव्हरेज २५ टक्क्यांहून अधिक घटू शकते. परंतु तेच खाते असेही सांगते, की एकदम वेग घेणे आणि करकचून ब्रेक मारणे यामुळे गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्के अॅव्हरेज जाते. एसीचे बटण सर्वांना दिसते, चालकाचा पाय कुणाला दिसत नाही!

म्हणून आमच्या चालक बांधवांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा आधी उघडा, गरम हवा जाऊ द्या आणि मग एसी लावा. गर्दीत हळू जाताना काचा उघड्या ठेवल्या तरी चालते. हमरस्त्यावर भरवेगात मात्र उघड्या काचांमुळे वारा गाडीला मागे ओढतो, तेव्हा काचा लावून एसी बेताचा ठेवलेला बरा. वेग दुप्पट झाला, की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो, हेही ध्यानात ठेवा. चाकांतली हवा नियमित तपासा.

घाटात न्यूट्रल ही तर जुन्या कार्बोरेटरच्या काळातली सवय. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर घालून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर पेट्रोल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी झाले तर जिवाचे काय?

साधा हिशेब पाहा. महिन्याला ३००० किलोमीटर धावणारी गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल, तर २०० लिटर लागतात. धसमुसळेपणामुळे तीच १२ वर आली, तर २५० लिटर. हे ५० लिटर हप्त्यातूनच जातात.

भगवान बुद्धांनी मध्यम मार्ग सांगितला. उधळपट्टी नको, तशी घरच्या म्हाताऱ्या माणसाला घामात बसवून केलेली काटकसरही नको. त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले: पुढच्या खेपेला आजीसाठी एसी लाव आणि पाय आवर.