सुरक्षितता कोणाची?

जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाचा (1949–1990) ताळेबंद मांडताना भांडवली वृत्तपत्रांना केवळ भिंत दिसते, तर आपल्यापैकी कित्येकांना केवळ पाळणाघरे. दोन्ही दृष्टी एकांगी आहेत.

तेथे कामाचा हक्क राज्यघटनेत होता. 1972 मध्ये बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा निर्णय स्त्रीच्या हाती आला. 1990 नंतर ट्रॉयहांड या संस्थेने सार्वजनिक कारखाने विकले वा बंद केले आणि लाखो कामगार बेकार झाले. ही लूट विसरता येणार नाही.

परंतु 1953 मध्ये कामाचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढविल्यावर बर्लिनचे बांधकाम कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्यासमोर सोव्हिएत रणगाडे उभे राहिले, हेही विसरता कामा नये. 1989 मध्ये राज्य-सुरक्षा मंत्रालयात सुमारे 91 हजार कर्मचारी होते. खबरे त्याहूनही अधिक.

अनुवाद करताना जाणवते, की ‘सामाजिक सुरक्षितता’ आणि ‘राज्याची सुरक्षितता’ यांत जर्मन भाषाही, मराठीप्रमाणेच, एकच शब्द वापरते. त्या राज्याने कामगाराला पहिली दिली आणि दुसरीच्या नावाखाली त्याच कामगारावर पाळत ठेवली. पाळणाघरांनी ती पाळत क्षम्य ठरत नाही. पाळतीमुळे पाळणाघरे खोटी ठरत नाहीत.

कामगारवर्गाच्या राज्याला कामगाराचेच भय का वाटले, या प्रश्नाचे उत्तर आपणच दिले पाहिजे. ते विरोधकांवर सोडणे म्हणजे समाजवादाचा वारसाच त्यांच्या स्वाधीन करणे होय.