इतिहासाचे सर निवृत्त झाले, पुढे काय?



आमच्या कल्याण-डोंबिवली पट्ट्यातल्या एका लहान कॉलेजात इतिहासाचे सर निवृत्त झाले. हार, शाल, श्रीफळ, फोटो, सगळं झालं. विभागात कायम असे ते एकटेच होते. त्यांची जागा भरलीच नाही. दोन पोरं तासिका तत्त्वावर आली. दोघेही सेट पास, त्यातला एक आपल्याच वस्तीतला. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की घरी. संस्थाचालक म्हणतात, "बघा, तुमचाच मुलगा घेतलाय!"

घेतलाय की वापरलाय?

थोडं मागे जाऊ. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या आरक्षणासाठी विभाग हे एकक धरलं आणि ५ मार्च २०१८ ला यूजीसीने तसं पत्रक काढलं. हेच ते १३ पॉइंट रोस्टर. त्यात चौथी जागा ओबीसीची, सातवी अनुसूचित जातीची, चौदावी अनुसूचित जमातीची. आता ज्या विभागात शिक्षकच दोन, तिथे सातवी जागा कुठून येणार? लहान विभागांतून आपल्याला बाहेर काढायला कुणाला शिवी द्यायचीही गरज नव्हती, गणित पुरेसं होतं. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला, दोन दिवसांत अध्यादेश आला, मग केंद्राचा कायदा झाला. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा स्वतःचा कायदा केला.

म्हणजे रोस्टरची लढाई आपण जिंकलो. पण भरतीच झाली नाही तर रोस्टर लावायचं कशाला? रिकाम्या खुर्चीला आरक्षण लागत नाही. बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले तेव्हा त्यांनी स्टाफरूमच्या माठातलं पाणी पिण्यावर काही सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. तरी हातात पद होतं. आज आमच्या पोराला माठ खुला आहे, पद नाही.

आणि हा फक्त नोकरीचा प्रश्न नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीचा मार्गदर्शक कायम शिक्षकच होऊ शकतो. मे १९२७ मध्ये बाबासाहेब बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाला आले होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? कल्याणच्या रेल्वे वसाहतींतल्या, अंबरनाथच्या कारखान्यांतल्या आपल्या माणसांनी विहारं कशी उभी केली, त्याच्या पावत्या, हँडबिलं ट्रंकांमध्ये कुजताहेत. त्यावर काम करायला निघालेल्या मुलीला कॉलेजात मार्गदर्शकच नसेल तर ती विषय बदलते. नाहीतर शिक्षण सोडते.

तेव्हा जयंतीच्या मिरवणुकीत जेवढी ताकद लावतो, तिच्यातली थोडी इथे लावा. अनुदानित कॉलेजला माहिती अधिकार लागू आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागा : इतिहास विभागात मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, बिंदुनामावलीची शेवटची तपासणी कधी झाली आणि पद भरण्याचा प्रस्ताव संस्थेने शासनाकडे पाठवला का. शेवटचा प्रश्न विसरू नका. संस्था शासनाकडे बोट दाखवते, शासन संस्थेकडे, आणि नेमकं कोण खोटं बोलतंय ते याच उत्तरात सापडतं.

अर्ज त्या तासिकेवरच्या पोराच्या नावाने मात्र करू नका. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणार नाहीत.