अर्धी साक्ष

गर्भाच्या अंतःकर्णातील श्रवणतंतू आपापल्या पेशीपर्यंत कसे पोहोचतात हा केवळ भ्रूणशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा प्रश्न आहे, आणि किनवट-माहूरच्या अथवा निलंगा-देवणीच्या आरोग्याचा विचार करणाऱ्याने त्यात पडण्याचे प्रयोजन नाही, असे कोणी म्हणेल; माझे मत नेमके उलट आहे.

अडीच वेढ्यांच्या कर्णावर्तात सुमारे ३,५०० आंतर रोमपेशी एका ओळीत आणि सुमारे १२,००० बाह्य रोमपेशी तीन ओळींत मांडलेल्या असतात. परंतु त्यांच्याकडे येणाऱ्या जवळजवळ ३०,००० तंतूंपैकी शेकडा ९० ते ९५ तंतू त्या एकेरी आंतर ओळीलाच जाऊन भिडतात, आणि संख्येने तिपटीहून अधिक असलेल्या बाह्य पेशींच्या वाट्याला उरलेसुरले येतात. हा पक्षपात घडतो कसा? वाढत्या तंतूच्या टोकाशी चाचपडत पुढे सरकणारा एक वर्धनशंकू असतो. स्पेनच्या काहालने तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात ओळखला, आणि पुण्याच्या आयसरमध्ये अर्णब घोष यांची प्रयोगशाळा त्याच्या आतील सांगाड्याची चिकित्सा कोंबडीच्याच भ्रूणातील तंतूंवर करीत आली आहे. हा शंकू वाटेतील रासायनिक संकेतांनुसार वळतो किंवा थांबतो. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की बाह्य ओळींच्या परिसरात असणारे सेमाफोरिन-३एफ हे प्रथिन बहुसंख्य तंतूंना जणू मनाई हुकूम बजावते आणि ते आंतर पेशींपाशीच थबकतात. जे थोडे ही मनाई ओलांडून पलीकडे जातात, ते तेथे काटकोनात वळून कर्णावर्ताच्या पायथ्याकडे निघतात. आसपासच्या आधारपेशींची दिशाव्यवस्था बिघडली, तर तेच वळण भलतीकडे होते. शिवाय मुक्कामी पोहोचलेल्या तंतूला तेथून एनटी-३ आणि बीडीएनएफ या पोषक द्रव्यांचा शिधा मिळावा लागतो. ही दोन्ही ज्यांच्यात नव्हती त्या उंदरांचा अंतःकर्ण तंतूंवाचून ओसाड राहिला.

आता प्रसूतिगृहाकडे वळू. नवजात बालकाच्या कानात बारीक ध्वनी सोडून परतणारा सूक्ष्म प्रतिध्वनी मोजणारी ओएई चाचणी स्वस्त आणि झटपट असल्याने तिचा पुरस्कार होतो, तो योग्यच आहे. परंतु तो प्रतिध्वनी उमटवतात बाह्य पेशी, म्हणजे मेंदूकडे वार्ता नेणाऱ्या तंतूंशी ज्यांचा संबंध नाममात्र त्याच. आंतर पेशी अथवा तिला भिडलेला तंतू निकामी असूनही बाह्य पेशी खुशाल साक्ष देतात आणि बाळ ‘उत्तीर्ण’ ठरते. तीव्र कावीळ झालेल्या वा अपुऱ्या दिवसांच्या, काचेच्या पेटीत ठेवाव्या लागलेल्या बाळांत हाच धोका विशेष असतो, आणि तो उघड करते ती मज्जामार्गाची प्रतिक्रिया नोंदवणारी बेरा चाचणी. मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याच्या आपल्याकडील रिवाजामुळे बळावणाऱ्या आनुवंशिक बहिरेपणात, विशेषतः कनेक्सिन-२६ च्या दोषात, तंतू बहुधा शाबूत असतात, म्हणूनच तेथे कॉक्लिअर इम्प्लांट चांगले उपयोगी पडते. परंतु तंतू शाबूत आहे की नाही, हे आधी विचारावे तर लागेल!

२०१३ साली आपल्याच राज्यातील पालघरहून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, त्यामुळे नव्या योजनेची आवश्यकता नाही. विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा लातूरच्या महाविद्यालयातून काचेच्या पेटीतले बाळ घरी जाताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर बेराचा स्वतंत्र रकाना असावा, आणि तो भरल्याखेरीज कार्डावर सही होऊ नये. यंत्र महाग, बाळ झोपलेले असावे लागते, जाणता तंत्रज्ञ हवा, या सबबी खऱ्या आहेत. परंतु पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार ही जगन्मान्य मुदत पाळायची, तर देगलूरच्या मजूर मातेला रोजगार बुडवून पुढच्या तारखेला बोलावण्यापेक्षा बाळ पेटीशेजारी निजलेले असतानाच चाचणी उरकणे सोयीचे आणि स्वस्तही आहे.