जीवनाचा हक्क शासनाचे दान नव्हे!

किन्हीराजाचा शेतकरी असो वा नागपूरचा वकील, विनाचौकशी डांबल्यास त्याने दाद कोठे मागावी? कोठेही नाही, असे उत्तर २८ एप्रिल १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने दिले! बंदिवानांची गाऱ्हाणी ऐकू पाहणारी उच्च न्यायालये निरुत्तर झाली. एकटे न्या. हंसराज खन्ना ठाम राहिले. १९७७ मध्ये त्यांचे सरन्यायाधीशपद डावलले गेले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल मोडीत काढला. प्रमुख निकालपत्र त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. चूक सुधारली, पण ४१ वर्षांनी! तोवर कारावासात करपलेल्या आयुष्यांचे काय? म्हणूनच राज्यघटनेचे रक्षण केवळ न्यायासनावर सोपवून निजणाऱ्या समाजाला स्वातंत्र्य लाभत नाही.