विलीन झालेली पेढी आणि शब्दाचा वारसा

सुरत शहराने मुंबईच्या बाजारास जे कर्तबगार पुरुष दिले, त्यांत शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव अग्रभागी आहे. सुरतेच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या या दलालाने अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील कापसाच्या तेजीत अमाप संपत्ती मिळविली आणि 1865 च्या मंदीत ती बव्हंशी गमावली. ज्या बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचे मोठे वजन होते, तीही 1868 साली गुंडाळावी लागली. त्या काळी पेढी म्हणजे दलाल स्वतःच होता. 1875 साली मुंबईच्या दलालांनी आपली संस्था स्थापिली, तेव्हाही सभासदत्व व्यक्तीच्या नावे असे आणि बुडीत सौद्याची झळ थेट घरादारापर्यंत पोहोचे.

पुढे काळ पालटला. 1990 नंतरच्या दशकात दलालीचा व्यवसाय मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांकडे वळला. जबाबदारीस मर्यादा पडली आणि पेढी हीच खरेदी-विक्रीची वस्तू झाली. डी. एस. प्रभुदास या जुन्या पेढीच्या घराण्याचे उदाहरण बोलके आहे. या घराण्यातून 1975 साली डी. एस. पी. फायनान्शियल कन्सल्टंट्स ही संस्था निघाली. नंतर अमेरिकेच्या मेरिल लिंचशी तिची भागीदारी जुळली आणि काही वर्षांतच परकीय भागीदाराचा हिस्सा 40 टक्क्यांवरून 90 टक्क्यांवर गेला. 2008 च्या जागतिक अर्थसंकटात खुद्द मेरिल लिंचच बँक ऑफ अमेरिकेच्या पदरी पडली. म्हणजे ज्याच्याशी सोयरीक केली, त्याचीच सोयरीक तिसऱ्याशी झाली! मुंबईच्या जुन्या गिऱ्हाइकास न विचारता त्याच्या पेढीचा धनी न्यूयॉर्कमध्ये बदलला.

आपल्यातील काही वडीलधारी मंडळी विलीनीकरणास कुळाचा अस्त समजतात, तर तरुण पिढीस तो उत्कर्षाचा एकमेव मार्ग वाटतो. माझ्या मते दोन्ही विचार एकांगी आहेत. आजच्या दलालीस लागणारे भांडवल, यंत्रणा व कायद्याची पूर्तता एकट्या लहान पेढीस पेलणे कठीण आहे. म्हणून एकत्र येण्यात कमीपणा नाही. परंतु विलीनीकरणाच्या दस्तऐवजात भांडवल, जागा, गिऱ्हाइकांची यादी आणि नाव या साऱ्यांची किंमत मांडली जाते, वडिलांनी तोंडी दिलेल्या शब्दाची मात्र कोठेच नोंद होत नाही.

येथे आपला धर्म मार्गदर्शक आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेखन आणि न्यासापहार म्हणजे ठेवीचा अपहार यांची गणना केली आहे. पेढ्या एक होताना नेमक्या याच दोन दोषांस वाव मिळतो. वह्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि ठेवी एका नावावरून दुसऱ्या नावावर चढतात.

म्हणून सभासद बंधूंस माझी सविनय विनंती आहे, की करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक गिऱ्हाइकास स्वतः भेटून कल्पना द्यावी, जुने वाद आपल्या हाताने मिटवावेत आणि आयुष्य पेढीवर घालविलेल्या मुनीम-गुमास्त्यांची सोय करारातच लिहून घ्यावी. या तीन अटी जो खरेदीदार नाकारील, त्याने देऊ केलेली रक्कम कितीही मोठी असो, तो सौदा तोट्याचाच समजावा. पाटी उतरविताना गिऱ्हाइकाच्या नजरेस नजर देता आली, तरच वडिलांचा वारसा आपण राखला असे म्हणता येईल.