प्रबंधाचा विषय आणि कचऱ्याची आगगाडी

जून संपून जुलै लागला की एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी प्रबंधाचा विषय घेऊन आमच्याकडे येऊ लागतात. विषय घेऊन येतात असे म्हणणे हा उपचारच होय. विषय ग्रंथालयाच्या कपाटात तयारच असतो, ते त्यावरील धूळ तेवढी झाडून आणतात. शिवकालीन राज्यव्यवस्था, पेशवेकालीन समाजजीवन, लोकमान्यांचे राजकारण. आणि प्रत्येकाच्या शेपटाशी 'एक चिकित्सक अभ्यास' हे शब्द. चिकित्सा कशाची, असे विचारावे तर उत्तर मिळते, "सर, मागच्या वर्षीच्या प्रबंधातही तसेच होते."

या थोर विषयांस आम्ही कमी लेखतो, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. उलट ते फार मोठे आहेत, हीच आमची तक्रार आहे. शिवकालावर नवे काही सांगावयाचे तर मोडी वाचता आली पाहिजे, आणि फारसी निदान चाचपडत तरी लावता आली पाहिजे. आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस यांपैकी काहीच येत नाही व ते शिकण्यास वर्षभराचा अवधी पुरतही नाही. मग अभ्यास होतो तो कसा? रियासतकार सरदेसायांनी जे लिहिले त्यावरून दुसऱ्याने लिहिले, त्याचा तिसऱ्याने संक्षेप केला, आणि त्यावरून आमच्या विद्यार्थ्याने टिपून घेतले. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने जे २२ खंड काढले ते गावोगावची दप्तरे हुडकीत, पायपीट करून. ज्यांच्या प्रस्तावनेत राजवाड्यांचे नाव पहिल्या पानावर येते, त्यांनी उभ्या वर्षात एका तरी जुन्या पेटीचे झाकण उचलून पाहू नये, याला काय म्हणावे?

आम्हीही याच पंथातले, हे कबूल केलेले बरे. तीस वर्षांमागे आम्ही असाच एक भारदस्त विषय घेतला, पदवी मिळविली, आईवडिलांनी पेढे वाटले. परवा तो प्रबंध ग्रंथालयात सहज काढून पाहिला. शेवटच्या पानावर पुस्तक नेणाऱ्यांच्या तारखांची चिठ्ठी डकविलेली होती. तिच्यावर एकही शिक्का नव्हता.

आता आमच्या चेंबूरकडे वळू. 'चेंबुराला कसला इतिहास?' असे आमचे एक विद्वान सहकारी म्हणतात. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत लोहमार्ग टाकला गेला तो माणसांसाठी नव्हे, मुंबई शहराचा कचरा येथल्या दलदलीत आणून ओतण्यासाठी. त्या मार्गावर उतारूंची गाडी धावू लागली १९२४ साली, म्हणजे मध्ये अठरा वर्षे गेली. १९२७ पासून देवनारला कचराभूमी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस येथे छावणी मिळाली. त्या भागास लोक आजही 'चेंबूर कॅम्प' म्हणतात. १९५४ व १९५५ साली माहुल-तुर्भ्याच्या बाजूस तेलशुद्धीचे दोन कारखाने उभे राहिले, पाठोपाठ वीजकेंद्र व पुढे खतांचा कारखाना आला. १९७१ साली देवनारचा कत्तलखाना झाला. अलीकडे जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठविलेली कुटुंबे माहुललाच धाडली गेली, आणि तेथे आणखी माणसे पाठवू नयेत असे २०१९ साली उच्च न्यायालयास सांगावे लागले.

ही जंत्री पाहताच ज्याच्या मनात प्रश्न उभा राहत नाही त्याने इतिहासाच्या वाटेस जाऊ नये. मुंबईने आपणांस जवळ नको असलेले सारे शंभर वर्षांवर याच दिशेस का लोटले? ते कोणी ठरविले, कोणत्या बैठकीत, कोणाच्या विरोधास न जुमानता? दलदल म्हणून जी जमीन कागदावर पडीक ठरली तीत मिठागरे कोणाची होती, मासे कोण धरीत होते, त्यांच्या हाती काय पडले? कचऱ्याच्या वाघिणी भरणारे व उपसणारे हात कोणत्या जातींचे होते, आणि ते राहत कोठे? वाऱ्याची दिशा, जमिनीचा भाव आणि माणसाची जात या तिन्हींचा हिशेब एकाच खतावणीत मांडता येईल, असा हा विषय आहे. याहून 'राष्ट्रीय' प्रश्न आम्हांस तरी सुचत नाही.

साधने नाहीत, ही सबब तर ऐकवत नाही. सरकारी दप्तरखाना १८२१ पासूनचा आहे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत कोणाही विद्यार्थ्यास अर्ज करून त्यातील कागद पाहता येतात. म्युनिसिपालिटीचे वार्षिक अहवाल इंग्रजीत छापलेले आहेत. मोडी येत नसल्याचे दुःख तेथे आड येत नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहिले तेव्हा त्यांना मार्गदर्शक नव्हता, शिष्यवृत्ती नव्हती आणि कोणी पदवीही देणार नव्हते. डोळे उघडे ठेवून त्यांनी शहर पाहिले, एवढेच.

मात्र जवळचा विषय घेणाऱ्यांसही एक रोग जडतो. गावाचा इतिहास म्हटला की त्यांस तो टॉलेमीपासून हवा असतो. टॉलेमीचा सिमुल्ला, अरब प्रवाशांचा सैमूर, कान्हेरीच्या लेखातले चेमुल हे सारे आमचे चेंबूरच, असे कोणी एकदा सुचविले. वस्तुतः अभ्यासकांचा कौल बहुतांशी चौलच्या बाजूने आहे. तरी स्मरणिका निघाली की पहिले पान सैमूरचे! दोन हजार वर्षांपूर्वीचे परक्याचे बंदर आपले म्हणून मिरवायचे, आणि आजोबा ज्या गाडीने आले त्या गाडीचे नाव कचऱ्यावरून पडले होते हे लपवायचे, ही कुलीनतेची हौस इतिहासाच्या काही कामाची नाही.

येथे आमच्या मध्यमवर्गीय वाचकांशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. मुलीने 'देवनारचा कचरा' हा विषय घरी सांगितला तर आपण काय म्हणतो? 'लोकांना सांगायचे काय?' हेच ना? २०१६ च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला, धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला, तेव्हा आपण खिडक्या लावून घेतल्या. आणि इमारतीचा पुनर्विकास निघाला की आपण पहिले काय करतो? पोटमाळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्यास देतो. तीत भाड्याच्या पावत्या, सोसायटीची पहिली इतिवृत्ते, कारखान्यातील नेमणुकीचे पत्र असते. २०१७ साली आर. के. स्टुडिओस आग लागली तेव्हा जळालेल्या पोशाखांसाठी सारा देश हळहळला. आपल्या ट्रंकेसाठी कोण हळहळणार?

यंदा एका विद्यार्थिनीने आमचे म्हणणे मनावर घेतले. ती चेंबूर कॅम्पात वाढलेली. घरी सिंधी, बाहेर अस्सल मराठी. विषय तिने स्वतःच बेतला: कचऱ्याच्या आगगाडीपासून निर्वासितांच्या छावणीपर्यंतचे चेंबूर, १९०६ ते १९५५. दप्तरखान्यात जाऊन तिने दोन वह्या भरल्या. समितीने अर्ज परत पाठविला. शेरा असा की, विषय स्थानिक स्वरूपाचा असून त्यास पुरेसे महत्त्व नाही. त्याच बैठकीत शिवकालीन राज्यव्यवस्थेचे दोन चिकित्सक अभ्यास संमत झाले. समितीवर आमचेच समवयस्क आहेत. त्यांचे प्रबंधही आमच्याच प्रबंधाशेजारी उभे आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

मुलीची आजी दहा वर्षांची असताना कराचीहून बोटीने मुंबईस आली. छावणीत पहिल्या रात्री कसला वास आला, पाणी किती दूर होते, रेशनवर काय मिळे, हे ती अजून तारीखवार सांगते. तिच्याबरोबर त्या बराकीत उतरलेल्यांपैकी आता दोघेच हयात आहेत. अर्ज आम्ही पुन्हा धाडला आहे. समितीची पुढील बैठक जानेवारीत आहे. आजीबाईंची इमारत दिवाळीनंतर पाडावयाची ठरली आहे. तूर्त आम्ही मुलीस एवढेच सांगितले की, संमतीची वाट पाहू नकोस, रविवारी वही घेऊन आजीजवळ बस, आणि ती ट्रंक आमच्या घरी आणून ठेव.